अकिहाबारा ते लॅमिंग्टन रोड

५ जून २०२५ रोजी निन्टेंडोचा ‘स्विच २’ जगभर विक्रीला आला. त्या दिवशी जपानमध्ये या एकाच गेमच्या यंत्राच्या दोन किमती होत्या. फक्त जपानी भाषेत चालणारा स्विच २ मिळत होता ४९,९८० येनला, तर सगळ्या भाषांत चालणारा ६९,९८० येनला. पहिला कोणत्याही दुकानात मिळे, दुसरा फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. फरक वीस हजार येनचा, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ बारा हजार रुपयांचा. येन घसरलेला होता. एकच किंमत ठेवली असती तर परदेशी गिऱ्हाइकांनी जपानी मुलांच्या वाट्याचा माल उचलून नेला असता. म्हणून स्वस्त यंत्राला कुलूप घातलं गेलं. त्यात फक्त जपान हा प्रदेश निवडलेली खाती चालतात.

आपल्याकडे या बातमीचा अर्थ वेगळा होता. भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही. मधली काही वर्षं वितरकांमार्फत काही यंत्रं दुकानांत आली, पण ती टिकली नाहीत. मार्च २०१७ मध्ये आलेला पहिला स्विच भारतात आला तो प्रवाशांच्या बॅगांतून आणि आडवाटेच्या दुकानांतून. स्विच २ च्या वेळीही तेच झालं. तोक्योच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. तिथे राहणाऱ्या भावाला किंवा मावसबहिणीला पुण्या-ठाण्याहून फोन जातो, ‘येताना एक घेऊन ये.’ ती बिचारी दुकानात जाते, समोर दिसतं ते स्वस्त खोकं घेते, आणि इथे आल्यावर कळतं की पडद्यावर जपानीखेरीज काही उमटत नाही. परदेशातून गेमचं यंत्र मागवणाऱ्याने किंमत विचारण्याआधी हे यंत्र कोणत्या देशासाठी बनलं आहे, ते विचारावं. बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतर येतात.

हा व्यवहार नवा नाही. ज्यांचं बालपण १९९० च्या दशकात महाराष्ट्रात गेलं, त्यांनी अशा यंत्राला ‘टीव्ही गेम’ म्हटलं आणि त्यात घालायच्या प्लास्टिकच्या चौकोनाला ‘कॅसेट’. ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि तालुक्याच्या गावी घड्याळांच्या दुकानातही मिळत. कॅसेटवर लिहिलेलं असे, ९९९९ इन १. आत खरे खेळ मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने. मारिओ, काँट्रा आणि बंदुकीने पडद्यावरची बदकं पाडायचा तो खेळ. मे महिन्याच्या सुट्टीत तासाच्या भाड्याने यंत्र देणारी दुकानंही होती.

ही सगळी यंत्रं एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने मासायुकी उएमुरा यांनी घडवलेला ‘फॅमिकॉम’ १४,८०० येनला बाजारात आणला. अमेरिकेसाठी पुढे त्याचं रूप बदललं, नाव बदललं आणि कॅसेटच्या दातांची संख्याही ६० वरून ७२ केली. पण आपल्याकडे आलेल्या नकला अमेरिकी रूपावरून घडलेल्या नव्हत्या, त्या मूळ फॅमिकॉमच्या होत्या, साठ दातांच्या. त्यामुळे आज तोक्योतल्या अकिहाबाऱ्याच्या दुकानात फॅमिकॉमची जुनी कॅसेट पाहिली की चाळिशीतल्या मराठी माणसाच्या हाताला तिचा आकार लगेच ओळखीचा वाटतो. माळ्यावरच्या डब्यात तुमचा टर्मिनेटर अजून जिवंत असेल, तर जपानहून आणलेली फॅमिकॉमची अस्सल कॅसेट त्यात बसते आणि बहुतेक वेळा चालते. खेळाचा वेग किंवा रंग थोडा इकडेतिकडे होईल, कारण ती नक्कल आपल्या टीव्हीच्या पद्धतीसाठी जुळवलेली होती.

कोकणातल्या घरांत दुसरी एक वाट होती, आखाताची. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातली माणसं दुबई, कुवेत, मस्कतला कामाला होती. त्यांच्या दोरीने बांधलेल्या खोक्यांतून टू-इन-वन आले, व्हीसीआर आले, मग प्लेस्टेशन आलं. ही वाट इतकी सुरळीत चालली त्याला एक तांत्रिक कारण आहे, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही. दुबईत वीज आपल्यासारखीच आहे, सुमारे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. टीव्हीची पद्धतही आपल्यासारखीच होती, पाल. फक्त पिनेचा आकार वेगळा, तो दहा रुपयांच्या तुकड्याने सुटे. जपानच्या वाटेवर ही सोय नाही.

अकिहाबारा हा तोक्योचा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांच्या काळ्या बाजारातून उभा राहिला. जवळच वीजविद्या शिकवणारी शाळा होती. तिथले विद्यार्थी भाग विकत घेऊन रेडिओ जोडत आणि विकत. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ते दुकानदार रेल्वेच्या कमानींखाली गेले. तिथली हातभर रुंदीची दुकानं अजूनही सुटे भाग विकतात. लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ज्याने पायी पालथा घातला आहे त्याला हा बाजार परका वाटत नाही. तीच अरुंद बोळ, भिंतीला टांगलेल्या त्याच वायरी, तुम्ही काय शोधताय हे अर्ध्या वाक्यात ओळखणारा तोच दुकानदार.

जुन्या खेळांचं तिथलं सर्वांत प्रसिद्ध दुकान ‘सुपर पोटॅटो’. मुख्य रस्त्यामागच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ते आहे, आणि सर्वांत वर नाणी टाकून खेळायची जुनी यंत्रं. पण तिथे आता गिऱ्हाईक म्हणून परदेशीच जास्त. २०२४ मध्ये येन एका डॉलरला १६० च्याही पलीकडे घसरला, आणि त्याच वर्षी ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानमध्ये आले. सगळ्यांच्या बॅगेत थोडी जागा होती. अकिहाबाऱ्यातल्या जुन्या खेळांचे भाव त्यामुळे चढले. जाणकार शहराबाहेर ‘हार्ड ऑफ’च्या शाखांत जातात. निगाता प्रांतातून वाढलेली ही जुन्या मालाच्या दुकानांची साखळी आहे. तिथे एका कोपऱ्यात ‘जंक’चे क्रेट असतात. त्यातला माल तपासलेला नसतो आणि परत घेतला जात नाही. चालू फॅमिकॉम तिथे नशिबाने मिळतो, आणि तो चालू करण्याइतकं ज्ञान असलं तर नशिबाचीही फारशी गरज उरत नाही.

चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र आज कशाला हवं, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज कायदेशीररीत्या विकत मिळत नाहीत, असं तिच्यात दिसलं. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं कायमची बंद केली. पुस्तकाची आवृत्ती संपली तर निदान ग्रंथालयात प्रत असते. खेळाची प्रत म्हणजे कॅसेट आणि ती चालवणारं यंत्र. जो ते जपून ठेवतो, दुरुस्त करतो, तो एक कलाकृती वाचवतो. फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबलं आणि २००७ मध्ये भाग संपले म्हणून कंपनीने त्याची दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर हे काम हौशी माणसांच्याच हातात आहे. त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहणं मला मान्य नाही.

आता विजेविषयी. या ठिकाणी खरोखर यंत्रं जळतात, म्हणून सविस्तर सांगतो.

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची आहे. आपली २३०. जुन्या जपानी यंत्राचा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे ती जड काळी वीट, फक्त १०० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. आपल्या बोर्डात घातला की तो काही क्षणांत तापतो, वास येतो आणि संपतो. कधी यंत्रालाही घेऊन जातो. इथल्या बाजारात ‘स्टेप-डाउन’ म्हणून जे मिळतं ते बहुधा ११० व्होल्टचं असतं, अमेरिकी मालासाठी. जपानी यंत्राला ते दहा टक्के जास्त आहे. थोडा वेळ चालतं, पण चाळीस वर्षांच्या कपॅसिटरला रोजचा तो ताण देऊ नये. लॅमिंग्टन रोडवर आणि तपकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर बांधून देणारे कारागीर आहेत. त्यांना २३० ते १०० असं स्पष्ट लिहून द्या. ते नीट गुंडाळून देतात.

त्याहून सोपी वाट म्हणजे मूळ अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवून इथला चांगला डीसी अ‍ॅडॅप्टर लावणं. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी आणि ८५० मिलिअँपिअर लागतात. मात्र पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असतं आणि बाहेरच्या कड्याला धन. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरचं याच्या उलट असतं. अ‍ॅडॅप्टरवर छापलेली ती छोटी गोल आकृती पाहिल्याशिवाय पिन घालू नये. आणि अमेरिकी रूपाचा अ‍ॅडॅप्टर दिसायला सारखा असला तरी तो एसी वीज देतो. तो फॅमिकॉमला कधीही लावू नये.

चित्राचाही प्रश्न आहे. पहिला फॅमिकॉम अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवतो, तेही जपानी वाहिन्यांच्या कंप्रतेवर. आपला टीव्ही त्या वाहिन्या पकडत नाही. म्हणून एकतर १९९३ मध्ये निघालेला, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचा सुधारलेला फॅमिकॉम घ्यावा किंवा जुन्यात बदल करून घ्यावा. गेम बॉयला ही कटकट नाही. तो सेलवर चालतो, पडदा त्याचा स्वतःचा आणि गेम बॉयची कोणत्याही देशातली कॅसेट त्यात चालते. पहिल्यांदाच जपानहून काही आणणाऱ्याला मी गेम बॉयच सुचवतो.

नव्या यंत्रांना विजेची अडचण सहसा नसते. अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० लिहिलेलं असलं की झालं. त्यांची कुलपं वेगळी. प्लेस्टेशन ५ वर कोणत्याही देशाची डिस्क चालते, पण त्या खेळाचे जादा भाग डिस्कच्याच प्रदेशाच्या खात्यातून विकत घ्यावे लागतात. जपानहून आणलेली डिस्क आणि भारतातलं खातं यांचं इथे जुळत नाही, आणि हे बिल फाडल्यावर लक्षात येतं.

जपानला न जाता मागवायचं असेल तर तिथले लिलाव आणि जुन्या वस्तूंचे ऑनलाइन बाजार आहेत. विकणारा बहुतेकदा परदेशी पाठवत नाही. म्हणून मध्ये एक कंपनी लागते. ती तुमच्या वतीने बोली लावते, आपल्या गोदामात माल उतरवून घेते, चार पार्सलांचं एक करते आणि पुढे धाडते. हिशेब बिघडतो तो इथे. खासगी कुरिअर वजन काट्यावर पाहतं तसं आकारावरही पाहतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं काट्यावर दोन किलो भरलं तरी पैसे सहा किलोचे द्यावे लागतात. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याची हौस म्हणूनच महाग पडते. ती ज्याची त्याने ठरवावी.

बॅटरी हे दुसरं अडणारं ठिकाण. लिथियमची सुटी बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. यंत्राच्या आत बसवलेली असेल तर काही अटींवर जाते. पीएसपीसारख्या हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या जुन्या बॅटऱ्या फुगतात आणि लोक परदेशातून सुटी बॅटरी मागवायला जातात. ते पार्सल वाटेतच थांबतं. फुगलेली बॅटरी आधी काढून टाका, आणि विकणाऱ्यालाही यंत्र पाठवण्यापूर्वी काढायला सांगा.

जपानमध्ये जाऊन घेणाऱ्यांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. पर्यटकाला तिथला १० टक्के उपभोग कर माफ असतो. पूर्वी करमुक्त घेतलेला माल तिथूनच टपालाने घरी पाठवला तरी ही माफी टिकत असे. ३१ मार्च २०२५ नंतर ती सोय बंद झाली. करमुक्त घेतलेली वस्तू आता देश सोडताना तुमच्याजवळच हवी.

आणि मग भारताची हद्द. टपालाने आलेलं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरातून सीमाशुल्क विभागाच्या नजरेखालून जातं, कुरिअरचं विमानतळाजवळच्या टर्मिनलवरून. ओळखपत्र मागितलं जातं, खरेदीची पावती मागितली जाते. शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. वाहतुकीचा खर्च कळत नसेल तर किमतीच्या २० टक्के धरतात, विमानाने आलेल्या मालाला तर त्याहून जास्त धरतच नाहीत, आणि विमा १.१२५ टक्के. म्हणजे आठ हजारांचं यंत्र विमानाने आलं आणि टपालाला चार हजार लागले, तर साडेनऊ हजारांहून थोड्या अधिक रकमेवर शुल्क, आणि त्या शुल्कासह एकूण रकमेवर पुन्हा जीएसटी. ज्याने फक्त वस्तूची किंमत पाहून आनंद मानला होता त्याला हे बिल जड जातं.

‘भेटवस्तू असं लिहायला सांग’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट होती, आणि काही परदेशी कंपन्यांनी तिचा घाऊक गैरवापर केला. डिसेंबर २०१९ मध्ये ती सूट काढून घेतली गेली. जीवरक्षक औषधं आणि राख्या एवढेच अपवाद राहिले. बाकी भेट असो वा खरेदी, पूर्ण शुल्क भरावं लागतं. कमी किंमत लिहिणं हा तर सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहे. माल जप्त होऊ शकतो, दंड वेगळा. आणि वाटेत पार्सल हरवलं तर नुकसानभरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

स्वतः बॅगेतून आणणं तुलनेने स्वच्छ आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत विमानाने परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला पन्नास हजारांपर्यंतची सूट होती आणि त्यावरच्या रकमेला अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होतं. त्या हिशेबाने साठ हजारांच्या यंत्रावर शुल्क होई ३,८५० रुपये. नवरा-बायकोची सूट एकत्र करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मर्यादा आणि दर सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याआधी ताजा आकडा पाहावा. विमानतळावरच्या सीमाशुल्काच्या लाल वाटेने जाऊन, पावती दाखवून, पैसे भरून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्यात माझी तक्रार शुल्काबद्दल नाही. शुल्क भरावं. तक्रार आहे ती नियमांच्या धूसरपणाबद्दल. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाला. त्याच्या पहिल्या यादीत मायक्रोवेव्ह आणि प्रिंटरसोबत व्हिडिओ गेमही आहेत. भारतीय मानक ब्युरोकडे नोंद नसलेलं यंत्र विकायला आणता येत नाही. हे योग्यच आहे, घरात आग लागू नये यासाठीच ते आहे. पण १९८३ च्या फॅमिकॉमची नोंद आता कोण करणार? शिवाय परदेशी व्यापार धोरणानुसार वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, परवाना लागतो. हा नियम भंगार आणि टाकाऊ माल रोखण्यासाठी केला गेला. त्याच्या जाळ्यात दोनशे ग्रॅमचा जुना गेम बॉयही सापडतो. प्रत्यक्षात एकटं यंत्र बऱ्याचदा शुल्क भरून सुटतं, कधी अडकतं. कोणतं सुटेल हे मागवणाऱ्याला आधी कळण्याचा मार्ग नाही. परिणाम असा की सरळ माणूस मागवायला घाबरतो आणि आडवाटेचा दुकानदार तेच यंत्र पावतीशिवाय, हमीशिवाय, दीडपट भावाने विकतो. सरकारला शुल्क मिळत नाही, गिऱ्हाइकाला बिल मिळत नाही.

तोडगा नवा शोधायची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप आणि टॅबलेटच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा त्याच अधिसूचनेत एक अपवाद लिहिला होता. टपालाने किंवा कुरिअरने मागवलेला एक लॅपटॉप, ऑनलाइन खरेदी केलेला असला तरी, योग्य शुल्क भरून परवान्याशिवाय आणता येईल. म्हणजे व्यापाऱ्याचा कंटेनर आणि विद्यार्थ्याचं एक यंत्र यांतला फरक शासनाला कळतो आणि तो एका वाक्यात लिहिताही येतो. तेच वाक्य गेमच्या यंत्रासाठी लिहावं. एका व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी एक यंत्र, नवं किंवा जुनं, पूर्ण शुल्क भरून. वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या यंत्रांसाठी संग्रहाची वस्तू म्हणून वेगळी नोंद केली तर आणखी उत्तम.

ते होईपर्यंत मागवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. यंत्र कोणत्या देशाचं आहे ते पाहा, व्होल्ट पाहा, पिनेची टोकं पाहा, टपालासह पूर्ण हिशेब आधी मांडा, आणि खोक्यावर खरी किंमत लिहायला सांगा. शुल्क भरल्याची पावती यंत्रासोबत जपून ठेवा. पुढे ते यंत्र विकायचं, दुरुस्तीला द्यायचं किंवा एखाद्या संग्रहाला द्यायचं ठरलं, तर ते रीतसर आलं आहे हे सांगणारा तोच एक कागद तुमच्याकडे असेल.